नारायणगावकर, विठाबाई

नारायणगावकर, विठाबाई : (जुलै १९३५–१५ जानेवारी २००२). महाराष्ट्रातील अग्रगण्य तमाशा-कलावती, लावणीगायिका व नर्तकी. जन्म पंढरपूर येथे, पिढीजात तमाशा-कलावंतांच्या कुटुंबात. त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि पुढे वडील व चुलते यांच्या काळात तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने प्रसिद्धीस आला. या फडाच्या नावातच जातीचे नाव होते. मातंग व महार समाजांतील कलावंतांनीच ही कला मुख्यतः जोपासली. तथापि तिच्या लोकप्रियतेच्या मानाने त्यांना सामाजिक प्रतिष्ठा लाभली नाही.

विठाबाई बालवयातच बोर्डावर उभ्या राहिल्या. संगीतबारीत गायन व नर्तन यांवर भर असतो; ढोलकीच्या फडात मात्र गण, गवळण, बतावणी, लावणी व वग असा संपूर्ण खेळ रात्रभर चालतो. त्यामुळे फडातील प्रमुख स्त्री-कलावंतास उघड्या मैदानातील मोठ्या समुदायापर्यंत पोहोचणारा आवाज, ढोलकीच्या लयीशी झुंजणारे पदन्यास आणि वगातील भूमिकेचा अभिनय, ही तिन्ही अंगे साधावी लागतात. विठाबाईंनी ती सारख्याच सामर्थ्याने साधली आणि पुढे फडाची धुराही वाहिली. राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ व १९९० मध्ये त्यांचा गौरव झाला.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. पूर्ण दिवस भरलेल्या असताना त्या प्रयोगास उभ्या राहिल्या. वेणा सुरू होताच रंगमंचामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचण्यासाठी प्रेक्षकांसमोर आल्या. हा प्रसंग बहुधा कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. परंतु ठरलेला खेळ मोडल्यास सुपारीची रक्कम बुडते आणि फडातील सर्वांच्या पोटावर पाय येतो, हे वास्तवही त्यातून प्रकट होते.

फडाचे अर्थकारण मूलतःच अस्थिर आहे. हंगाम मुख्यतः दसऱ्यापासून वैशाखातील जत्रांपर्यंतचा. कलावंतांना आगाऊ उचल द्यावी लागते आणि तिच्यासाठी फडमालकास अनेकदा कर्ज काढावे लागते. अवेळी पाऊस, दुष्काळ वा आजारपण यांमुळे एक हंगाम बुडाला, तरी हे कर्ज पुढील हंगामावर चढते. कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या कलावंतालाही वार्धक्यासाठी शिल्लक राखणे अशा व्यवस्थेत दुष्कर ठरते. विठाबाईंची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली व त्यांच्या रुग्णालयाच्या देयकासाठी देणग्यांचा आधार घ्यावा लागला. दोनदा मिळालेला राष्ट्रीय सन्मान त्यांना उपजीविकेची हमी देऊ शकला नाही.

त्यांचा वारसा मुख्यतः फडाच्या रूपानेच टिकला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारून नामवंत तमाशा-कलावती म्हणून लौकिक मिळविला. नारायणगाव हे फडांच्या सुपाऱ्या ठरविण्याचे प्रमुख केंद्र असून गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे जत्रा-पंच तेथील राहुट्यांत व्यवहार करण्यास येतात. महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये विठाबाईंच्या नावे तमाशा-क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मानासोबत अर्थसाहाय्य देणारा हा पुरस्कार वृद्ध कलावंतांसाठी आहे, ही बाब त्यांच्या चरित्राच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण होय.