दार उघडलं, खुर्चीचं काय?

मंडळी, कोलशेतमध्ये बसून विज्ञानातल्या स्त्रियांबद्दल बोलायचं, तर सुरुवात इथल्याच रस्त्यापासून करू. आज टोलेजंग इमारती दिसतात त्या कोलशेत रोडवर रसायनांचे मोठे कारखाने होते. १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ सांगत होतं, की संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात स्त्रियांना सर्वसाधारणपणे कामाला ठेवायचं नाही. हेतू संरक्षणाचा होता. पण जिथे काम पाळ्यांमध्ये चालतं, तिथे रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला घ्यायचंच कशाला, असा अर्थ मालकाला सहज काढता येई.

आता पंधरा वर्षं मागे जाऊ. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. वडील आणि काका बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण एकच: त्या स्त्री होत्या. बाई बेंगळुरूला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि इतरांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. गंमत बघा: कायदा बाईला रात्री कारखान्यातून बाहेर काढणार, आणि संस्था रात्री थांबण्याची अट घालणार. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच!

कमलाबाईंनी काम दाखवलं, रामन यांचं समाधान झालं, आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. गोष्ट सहसा इथे टाळ्यांवर संपते.

आम्ही तत्त्वज्ञानवाले मात्र इथेच अडतो. हे जे मिळालं ते हक्क म्हणून, की अनुग्रह म्हणून? अनुग्रह प्रसन्न होण्यावर अवलंबून असतो. एकाला सिद्ध करून दाखवलं, की पुढच्या दाराशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. झालंही तसंच. सोहोनी झालेल्या कमलाबाईंना मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांच्या पात्रतेच्या मानाने काही वर्षं उशिराच मिळालं.

१९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन झाली. तिचं मुख्यालय आज वाशीला आहे, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. तिथे वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न प्रयोगशाळेचाही आहे, हे या स्त्रियांनी ओळखलं.

पुढचा टप्पा पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचा. कणभौतिकीच्या नामवंत अभ्यासक. मुंबई विद्यापीठात शिकवलं, नंतर बेंगळुरूच्या त्याच संस्थेत प्राध्यापक झाल्या. २००८ मध्ये राम रामस्वामींसोबत ‘लीलावतीज डॉटर्स’ संपादित केलं. मग अनिता कुरूप आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, पीएच.डी. झालेल्या स्त्रिया जातात कुठे, याचा अभ्यास केला. २०१० साली त्याचा अहवाल आला. आपण धरून चालतो, लग्न झालं, मुलं झाली, सोडलं. पण संशोधनाबाहेर राहिलेल्या अनेकींनी सांगितलं, की योग्य नोकरीच मिळाली नाही.

का मिळत नाही? इथे मानसशास्त्र मदतीला येतं. २०१२ साली अमेरिकेत कोरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज दाखवला. काहींच्या प्रतीवर पुरुषाचं नाव, काहींच्या प्रतीवर बाईचं. पुरुषाला जास्त गुण आणि जास्त पगार देऊ केला गेला. असं करणाऱ्यांत प्राध्यापिकाही होत्या. म्हणजे दुष्टपणा नसतानाही अन्याय होतो.

मिशिगन विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक ॲबिगेल स्ट्यूअर्ट यांनी यावर व्यवहारी उपाय काढला. विज्ञान विभागांतले ज्येष्ठ, प्रतिष्ठित प्राध्यापक, पुरुषही, निवडले. त्यांना असे अभ्यास वाचायला लावले आणि सहकाऱ्यांना सांगायचं काम त्यांच्याचकडे दिलं. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान विभागाने ‘गती’ हा उपक्रम सुरू केला. त्यात संस्थांनी स्वतःलाच तपासायचं आहे.

रोहिणीताई २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. काम अर्धंच आहे. तुमच्यापैकी कुणी एखाद्या महाविद्यालयाच्या निवड समितीवर असाल, तर दोनच गोष्टी करा. अर्ज उघडण्याआधी निकष कागदावर लिहा. आणि ‘लग्नानंतर काय करणार?’ हा प्रश्न मुलाला विचारणार नसाल, तर मुलीलाही विचारू नका.