वरातीआधीची फुर्रफुर्र

असोद्याला लग्नात वरात निघायच्या आधी बँडमधला ट्रम्पेटवाला कोपऱ्यात बसून नुसता माउथपीस ओठांना लावून फुर्रफुर्र करायचा. आम्ही पोरं हसायचो. पुढे इंजिनिअरिंगला असताना मी ट्रम्पेट घेतलं, पहिल्या दिवसापासून थेट गाणी फुंकली आणि आठवड्यात ओठ सुजवून बसलो. मग त्या फुर्रफुर्रचा इतिहास शोधला.

१८६४ साली पॅरिसच्या झाँ-बातिस्त आर्बाँ यांनी कॉर्नेटचं जाडजूड पुस्तक काढलं. ट्रम्पेटवाले आजही ते गिरवतात. त्यात बोटांचे, जिभेचे ढीगभर धडे आहेत. १९१२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट क्लार्क यांनी बोटांचेच धडे दिले, पण अट घातली: अगदी हळू आवाजात वाजवा. न्यूयॉर्कचे मॅक्स श्लॉसबर्ग लांब सुरांवर भर देत. त्यांचे रोजचे धडे त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये छापले गेले. जेम्स स्टॅम्प यांनी आणखी मागे नेलं: आधी नुसते ओठ, मग माउथपीस, शेवटी वाद्य.

म्हणजे शंभर वर्षांत सराव बोटांवरून ओठांपर्यंत आला. कारण साधं आहे. सूर ओठांच्या थरथरण्यातून निघतो, आणि ते स्नायू लहान असतात. गवई सकाळी खर्ज लावतात, तसंच हे.

आमच्या बँडवाल्याकडे यातलं एकही पुस्तक नसावं. पण त्याला पक्कं ठाऊक होतं: ऐन सीझनमध्ये ओठ गेला, तर त्या दिवसाची मजुरी गेली.