चाचणी-आरोग्य फलक

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्यांचे निकाल काळाच्या ओघात कसे बदलत गेले, हे परस्परसंबंधित प्रकल्पांसाठी एकत्र दाखवणारा फलक. चाचणी आज पास झाली की फेल, एवढ्याने तिची प्रकृती कळत नाही. ती कधीपासून बिघडली, कोणत्या बदलानंतर बिघडली आणि तिच्याबरोबर आणखी कुठे बिघाड झाला, हे या फलकावर दिसते.

या कल्पनेचे सोपे रूप कोडचे बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या ‘जेनकिन्स’ या प्रणालीत आढळते. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ मध्ये ‘हडसन’ नावाने या प्रणालीचे काम सुरू केले. २०११ पासून ती जेनकिन्स म्हणून ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक कामापुढे अलीकडच्या पाच बिल्डवरून ठरणारे हवामानाचे चिन्ह येते : ऊन, ढग, पाऊस, वादळ. चिन्ह चटकन कळते, पण बिघाडाचे कारण सांगत नाही.

संबंधित प्रकल्पांचा प्रश्न ओपनस्टॅकमध्ये ठळकपणे पुढे आला. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या क्लाउड प्रणालीत नोव्हा, न्यूट्रॉन, सिंडर, कीस्टोन असे स्वतंत्र चमूंचे प्रकल्प आहेत. मात्र ‘टेम्पेस्ट’ या एकात्मिक चाचण्या त्यांना सामाईक आहेत. ‘झूल’ ही प्रणाली बदलांची रांग लावते आणि पुढचे सर्व बदल स्वीकारले जातील असे गृहीत धरून मागच्यांची चाचणी घेते. रांगेतला एक बदल फेल झाला की त्यामागच्या सर्वांची चाचणी नव्याने करावी लागते. त्यामुळे न्यूट्रॉनमधल्या विनाकारण फेल होणाऱ्या एका चाचणीपायी नोव्हाचा निर्दोष बदलही खोळंबतो. यावर उपाय म्हणून ‘इलॅस्टिक-रीचेक’ हे साधन तयार झाले. प्रत्येक ज्ञात दोषाची लॉगमधली खूण नोंदवून तो किती वेळा उद्भवला याचा आलेख ते काढत असे. ‘ओपनस्टॅक हेल्थ’ हा फलक प्रकल्पवार निकाल मांडत असे.

लहरी म्हणजे फ्लेकी चाचण्या हाच या विषयाचा गाभा आहे. कोड तोच असताना अशी चाचणी कधी पास, कधी फेल होते. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यांच्याकडे सुमारे १.५ टक्के चाचणी-फेऱ्यांचे निकाल लहरी होते, सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोडाफार लहरीपणा होता आणि पासवरून फेलकडे गेलेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत लहरी चाचणीचा हात होता. किरकोळ वाटणारा दोष एकत्र आल्यावर किती वाढतो, हे साध्या गणितानेही समजते. एक हजार चाचण्यांपैकी प्रत्येक चाचणी हजारात एकदाच विनाकारण फेल होत असेल, तरी संपूर्ण संच पास होण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते.

कुबरनेटीज या कंटेनर-व्यवस्थापन प्रकल्पात वापरला जाणारा टेस्टग्रिड हा या पद्धतीचा उत्तम नमुना मानावा लागेल. त्यात आडव्या ओळीत चाचणी, उभ्या स्तंभात फेरी. ताजी फेरी डावीकडे. एकच ओळ मधूनमधून लाल झाली, तर ती चाचणी लहरी असण्याचा संशय घ्यावा. एक अख्खा स्तंभ लाल झाला, तर दोष बहुधा यंत्रणेत किंवा सामाईक घटकात असतो. ओळ एका ठिकाणापासून सलग लाल झाली, तर त्या फेरीआधीचा बदल तपासावा. शेजारच्या प्रकल्पातही त्याच वेळी लाली उमटली असेल, तर शोध थेट दोघांच्या सामाईक भागाकडे वळतो. यशाची सरासरी टक्केवारी हे सगळे पुसून टाकते. शिवाय बिघडलेली चाचणी वगळली की टक्केवारी सुधारते, उत्पादन मात्र होते तसेच राहते. म्हणून न झालेल्या किंवा वगळलेल्या चाचणीचा चौकोन हिरवा न दाखवता रिकामा ठेवणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

कुबरनेटीजची नवी आवृत्ती काढताना ही जबाबदारी सोपवलेले सदस्य हे फलक पाहतात. कामांचे दोन गट असतात : आवृत्ती रोखू शकणारी आणि केवळ माहिती देणारी. पहिल्या गटातले काम किमान दर तीन तासांनी चालावे, एकाच कोडवर सलग तीनदा पास होऊ शकावे आणि त्याची जबाबदारी एखाद्या चमूने घेतलेली असावी, अशी अपेक्षा असते. या कसोटीला न उतरणारे काम दुसऱ्या गटात हलवता येते.