सुलसदत्त पुढे गेलाय, चला लवकर

बूट काढा. इथे ते कुणी पाहिलेले नाहीत, लोक तुमच्या पायांकडेच बघत बसतील. तुम्ही सुमारे 1900 वर्षं मागे आला आहात, नाणेघाटाच्या ऐन मध्यावर उभे आहात, आणि तुमच्या पुढच्या बैलाने आत्ताच शेण टाकलंय. जपून! वारा पार पडलेला. कोकणातला दमट उकाडा पाठीला चिकटून तुमच्याबरोबर वर चढतोय. गोण्यांतून मिठाचा आणि सुक्या मासळीचा वास येतोय. मागचा तांडेवाला ओरडतोय, बाजूला व्हा, बाजूला व्हा, आणि बाजूला म्हणजे थेट दरी.

तो पुढे चाललाय तो सुलसदत्त. कल्याणचा. बाप हेरणिक, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार बघणारा सराफ. लेण्याद्रीच्या दगडावर त्याची ओळख एवढीच कोरलेली आहे. आज त्याला आपण आपल्याबरोबर चालवू या.

घाटमाथ्यावर लोक ज्याला जकातीचा रांजण म्हणतात तो दगडी रांजण आहे. त्यात टाकायचं नाणं हाताशी ठेवा, पण आधी माथ्याच्या जरा अलीकडे असलेल्या गुहेत धापा टाकत शिरा. आत गार आहे. भिंतीला सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत, डोक्यावर नावं. तुमच्या काळात मूर्ती जवळजवळ नाहीशा होऊन नावं उरली आहेत, म्हणून चेहरे आत्ता नीट बघून घ्या.

जुन्नर अजून लांब आहे. वाटेत भात मिळेल, कुळथाचं कढण मिळेल, वर मिरपूड. मिरची मागू नका, ती या देशात यायला अजून कित्येक शतकं आहेत.

गाव आधी कानांना कळतं. कासारांच्या आळीत तांब्यापितळेवर हातोडे पडतायत, आणि त्या ठणठणाटात माणसं सवयीने मोठ्याने बोलतायत. पुढे बुरूड बसलेत. ओला बांबू चिरला जातोय, कामट्या बोटांत सळसळतायत, हिरवा तुरट वास नाकात भरतोय. त्यापलीकडे धान्याचे ढीग, पाखडण्याची धूळ, शिंका. गर्दीत एखादा यवन, म्हणजे ग्रीक, दिसला तर टक लावू नका. तो पाहुणा नाही, इथलाच आहे. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीच्या डोंगरात पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिल्यात, चित नावाच्याने बौद्ध भिक्षुसंघाला भोजनमंडप दिलाय.

सुलसदत्त एका ओट्यावर बसतो. त्याच्या हातातलं चांदीचं नाणं मागून घ्या. नखाएवढं, पण किती गजबजलेलं! एका बाजूला नहपान राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. आणि त्या राजाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्राचा शिक्का ठोकलेला. राजा बदलला, चांदी तीच राहिली. सराफाचा मुलगा चेहरा बघत नाही. तो नाणं अंगठ्यावर तोलतो, कसोटीच्या दगडावर घासतो, रेघ उन्हात धरतो आणि मगच मान हलवतो.

आता तुमच्याजवळची शिल्लक ठेवायची कुठे? श्रेणीकडे. एका धंद्यातल्या लोकांची संघटना म्हणजे श्रेणी, आणि तीच इथली बँक. मुद्दलाला हात लागत नाही, व्याजावर धर्मकार्य चालतं. एका दानाची नोंद अशी आहे: बुरुडांच्या श्रेणीकडून महिन्याला पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडून पाव, असं व्याज. आदुथुम नावाच्या शक उपासकाने पैशाऐवजी जमिनीचं उत्पन्न दिलंय. 20 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) करंजाच्या झाडांसाठी, 9 वडांसाठी. आत्ता ज्यांच्या कामट्यांचा वास घेतलात, त्या बुरुडांवर पिढ्यान्‌पिढ्यांचं मुद्दल सोपवलं जायचं. हा विश्वास मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा भक्कम वाटतो.

विश्वास भोळा मात्र नव्हता. तिकडे नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा 1 व्याजाने. वर्षाचे झाले 240, म्हणजे 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, सर्वांसमोर वाचून दाखवला, फलकावर नोंदवला आणि वर लेण्याच्या भिंतीवर कोरला. छापखाना नाही, कागद नाही. पण कुणी किती ठेवले, कुणाकडे, कशासाठी, हे जाणत्याला वाचता येईल आणि अजाणत्याला ऐकता येईल अशी सोय होती. वर्तमानपत्राने दुसरं काय करायचं असतं?

उठा. सुलसदत्त कुकडी ओलांडून लेण्याद्रीकडे निघालाय. डोंगर तापलाय, आणि वरून छिन्नीचा आवाज येतोय, एक नाही, अनेक. चढताना वरून घरंगळणारी कपची चुकवा. वर लोहार भाता ओढतोय. बोथट छिन्न्या लाल होतात, पाण्यात चर्रकन विझतात आणि पुन्हा कामाला जातात. आत शिरल्यावर आधी खोकला येईल. काळ्या दगडाची बारीक भुकटी जिभेवर, पापण्यांवर, तिळाच्या तेलाच्या दिव्यांवर. वर बघा: काम छताकडून खाली येतंय, म्हणून उंच परांची लागत नाही, पायाखालचा न कोरलेला दगडच उभं राहायची जागा. कमानीला लाकडी घरासारख्या फासळ्या दगडातच काढल्यात. खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि वाघ बसलेत. समोरचा स्तूप बाहेरून आणलेला नाही, डोंगराचाच तेवढा भाग शिल्लक ठेवलाय. हात चुकला तर जोड देता येत नाही. हे बघताना माझा जीव वर-खाली होतो.

सुलसदत्त काही बोलत नाही. कसोटीवर चांदी घासणारा त्याचा अंगठा आता खांबाच्या अष्टकोनी कडेवरून फिरतोय. बापाने मोजलेलं सोनं इथे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, झालंय. त्याच्या दानाची एक ओळ लेण्यावर कोरली जाते: गाव, बाप, नाव, काय दिलं. छिन्नी धरणाऱ्याचं नाव त्या ओळीत नाही, आणि ते असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मंचर, नारायणगाव करत गिरिजात्मजाच्या दर्शनाला तुम्ही पुन्हा याल. गणपती सातव्या लेण्यात आहे. सहावं लेणं त्याला लागूनच आहे आणि सुलसदत्ताची ती ओळ अजून तिथे आहे. रांगेतून बाहेर पडल्यावर दहा मिनिटं तिकडे वळा, आणि कृपा करून भिंतीवर आपलं नाव लिहू नका.