नागपूजा आणि सर्पबंधन

नागपंचमी जवळ आली कीं सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याचा वाद दरवर्षीं नव्यानें निघतो. या सणासाठीं जिवंत नाग धरून ते कांहीं दिवस मडक्यांत ठेवावयाचे, आणि पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हां रानांत सोडावयाचे, अशी तेथें चाल होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग धरणें व बाळगणें हा अपराध ठरला, आणि पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनीं या चालीस आळा बसला. २०२५ सालीं केंद्र शासनानें शिक्षण व अभ्यास या हेतूंपुरती मर्यादित परवानगी दिली. नाग घरीं आणणें ही आपली प्राचीन परंपरा आहे, असें चालीचे कैवारी म्हणतात. परंपरेचें नांव निघालें म्हणजे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांकडे येतो. यास्तव जुना पुरावा काय सांगतो, तें येथें थोडक्यांत पाहावयाचें आहे.

प्रथम संस्कृत ग्रंथ घेऊं. अमरकोशांत सर्पांशीं संबंध असणाऱ्या माणसांचीं नांवें दोन जोड्यांनीं येतात: विषवैद्य व जांगुलिक, आणि व्यालग्राही व अहितुंडिक. पहिला विष उतरविणारा, दुसरा साप धरून पोट भरणारा. दोन्ही धंद्यांचीं नांवें आहेत. हौसेनें साप पाळणारा गृहस्थ तेथें नाहीं. मुद्राराक्षसाच्या दुसऱ्या अंकांत विराधगुप्त हा हेर जीर्णविष नांवाच्या गारुड्याचा वेष घेऊन येतो. दारोदार फिरणाऱ्या गारुड्याचा कोणास संशय येत नसे, म्हणूनच तो वेष उपयोगी पडला. कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत सर्प हें अग्नि, दुर्भिक्ष इत्यादि आठ महाभयांपैकीं एक गणलें असून, त्यावर मंत्रौषधींचे जाणते योजावे असें सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं पर्वदिवशीं नागपूजा करण्यासही सांगितलें आहे. राजगृहाच्या रक्षणासाठीं मात्र तो मोर, मुंगूस व मांजर ठेवण्यास सांगतो, कारण ते साप खातात. तात्पर्य, भय आणि पूजा हीं एकत्र नांदत होतीं. पाळावयाचें तें मुंगूस.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. नांदगांवच्या दक्षिणेस दिसणारे डोंगर ज्या सातमाळा-अजिंठा रांगेंतील आहेत, तिच्याच पूर्वभागांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथें १९ व्या लेण्याच्या प्रांगणांत नागराज आपल्या राणीसह बसलेला कोरला आहे. मस्तकामागें फणा, आसन ऐसपैस, मुद्रा शांत. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पहिल्या लेण्यांत चांपेय जातक रंगविलें आहे. व्रतस्थ नागराज वारुळावर पडला असतां गारुडी त्यास धरतो, गांवोगांव खेळवितो, व शेवटीं वाराणसीच्या राजापुढें आणतो. तेथें नागपत्नी सुमना पतीच्या सुटकेसाठीं पदर पसरते, आणि राजा त्यास मुक्त करवितो. पेटारींतील नाग पाहून येणारी करुणा हा कांहीं आजच्या कायद्यानें शिकविलेला नवा भाव नव्हे; ती दीड हजार वर्षांपूर्वीं येथील भिंतीवर रंगली आहे.

मराठी स्त्रियांच्या कहाण्यांतही हेंच आढळतें. माहेर नसलेल्या सुनेस शेष आपल्या घरीं नेतो. ती त्यास आपल्या घरीं आणून कोंडीत नाहीं. तिच्या हातचा दिवा पडून शेषाच्या पोरांचीं शेपटें भाजतात. पुढें तीं सूड घेण्यास येतात, तों ती त्यांचीं चित्रें काढून पूजा करीत असते आणि भावांचें कुशल मागत असते. सूड तेथेंच विरतो. पूजा झाली ती चित्राची. आजही घरोघर पाटावर गंधानें नाग काढतात.

भाषाही साक्ष देते. मराठींत ‘पाळणें’ याचे दोन अर्थ आहेत. आपण कुत्रा पाळतों आणि नागपंचमीही पाळतों. पण हें दुसरें पाळणें म्हणजे त्या दिवशीं नांगर न धरणें, न चिरणें, तवा न ठेवणें. हा संयम आहे, स्वामित्व नव्हे. उलट, ‘सापाला दूध पाजणें’ हा शब्दप्रयोग आपण निंदेनेंच करतों. दूध हें सापाचें अन्नही नव्हे; कोंडलेला साप तें पितो तो तहानेनें.

मात्र या पुराव्यावरून आमचे पूर्वज सर्व सर्पांचे कैवारी होते, असें म्हणतां येणार नाहीं. सरकारनें बक्षीस लावतांच रत्नागिरी जिल्ह्यांत १८६२ च्या डिसेंबरांत आठ दिवसांत एक लक्षाहून अधिक फुरशीं मारलीं गेलीं. आदर नागास होता, फुरशास नव्हता.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या बाडांतून औषधांच्या कृतींशेजारीं साप उतरविण्याचे मंत्र लिहिलेले असतात. तीं पानें निरुपयोगी म्हणून फाडूं नयेत; लेखक, गांव व शक यांसह त्यांची नोंद करावी. मात्र त्यांचा उपयोग इतिहासापुरताच. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारे १२ लक्ष माणसें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दंश झालेल्यास रुग्णालयांतील प्रतिविषच दिलें पाहिजे. नाग धरून पूजण्याच्या चालीचा जुना लेखी उल्लेख कोणाच्या दप्तरांत असल्यास त्यानें तो अवश्य प्रसिद्ध करावा. तसा अस्सल कागद पुढें आल्यास आम्ही आपलें मत बदलूं. तोंवर ‘प्राचीन’ हें विशेषण जपून वापरलेलें बरें.