अंधुक उजेडातले पक्ष्यांचे फोटो: फ्लॅश कधी वापरावा आणि एडिटिंगने नेमकं काय सुधारतं?

पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला गेलात तर शीळकरी कस्तूर दिसण्याआधी ऐकू येतो. कुणी माणूसच शीळ घालत चाललाय असं वाटावं, अशी त्याची लांबलचक शीळ ओढ्याच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू येते. मग तो एखाद्या दगडावर दिसतो, तुम्ही घाईघाईने दहा-बारा फोटो काढता आणि घरी येऊन बघता तर करड्या दाण्यांमध्ये एक काळा डाग. कपाळावरचा आणि खांद्यावरचा तो चमकदार निळा रंग कुठेच नाही.

असा फोटो ग्रुपवर टाकला की हमखास दोन सल्ले मिळतात. एक, "फ्लॅश मारायचा ना!" आणि दुसरा, "ॲपमध्ये टाक, साफ होईल." दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत. कोणता अर्धा खरा, ते समजून घेऊया.

इथे उजेड इतका कमी का असतो?

आहुपे हे गाव भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात येतं. शेकरूसाठी ओळखलं जाणारं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत सुमारे १३० चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. घाटमाथ्यावरचं दाट जंगल, देवरायांमधली जुनी झाडं आणि त्यावर पावसाळी ढग, त्यामुळे दुपारीही जमिनीजवळ संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. उलट जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या माथ्याजवळच्या पिंपळगाव जोगा जलाशयावर उघडं पाणी आणि मोकळं आकाश असतं. तिथे चांगला चालणारा कॅमेरा आहुप्याच्या झाडीत लगेच हात टेकतो.

एक साधा हिशोब बघा. लख्ख उन्हात आयएसओ ४०० आणि ॲपर्चर एफ ६.३ ठेवलं तर साधारण १/२५०० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो. दाट झाडीखाली उजेड अडीचशे पटींनी कमी झाला, तर त्याच सेटिंगला १/१० सेकंद लागेल. एवढ्या वेळात पक्षी मान वळवून मोकळा होतो. आयएसओ ६४०० केला तरी जेमतेम १/१६० पर्यंत पोहोचता येतं.

फोटोत दाणे का येतात?

"आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला" असं आपण म्हणतो. खरं कारण कमी उजेड हे आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण ठरल्याप्रमाणे एकसारखे पडत नाहीत. सेन्सरच्या एका ठिपक्यावर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर त्यात साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार होतो. तेच १०० कण पडत असतील तर चढउतार १० कणांचा, म्हणजे १० टक्के. डोळ्यांना हाच चढउतार दाण्यांसारखा दिसतो.

याचा अर्थ असा की फोटो काढताना जो प्रकाश आत आलाच नाही, तो एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. एडिटिंग दाणे पुसतं, पण त्यासोबत थोडी पिसंही पुसली जातात. म्हणून पहिलं काम कॅमेऱ्यातच करायचं.

बटण दाबताना काय करावं?

* शटर स्पीड कमी करायला घाबरू नका. कस्तूर दगडावरून दगडावर उड्या मारतो आणि मध्ये क्षणभर थांबतो. तो थांबला की १/१०० किंवा १/६० सेकंदालाही स्पष्ट फोटो मिळू शकतो. एकाच वेळी दहा-पंधरा फोटोंची मालिका घ्या, त्यातला एखादा तरी धारदार निघतो.
* आधार घ्या. ट्रायपॉड, दगड, झाडाचं खोड, काहीही चालेल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याची हालचाल नाही.
* ॲपर्चर पूर्ण उघडा. एफ ६.३ ऐवजी एफ ४ मिळत असेल तर जवळपास अडीच पट प्रकाश आत येतो.
* एक्स्पोजर पक्ष्याप्रमाणे ठरवा. मागे पांढरं आकाश असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर गडद झाडीसमोर असेल तर उलट करा, नाहीतर त्याची पिसं पांढरीफेक होऊन तपशील कायमचा जातो.
* रॉ फाइल ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. काळोखातला तपशील वर काढताना हा फरक लगेच कळतो.

मोबाइलचा नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून एक फोटो बनवतो. ढोलीच्या तोंडाशी निवांत बसलेल्या पिंगळ्यासाठी तो उपयोगी आहे. हलणाऱ्या पक्ष्याच्या मात्र दोन-दोन चोची उमटतात.

फ्लॅशने काय मिळतं?

दिवसा, झाडीत, फ्लॅश मुख्य दिवा म्हणून वापरायचा नसतो. असलेल्या उजेडाला थोडी भर घालायची असते. फ्लॅशची ताकद एक ते दोन स्टॉप कमी ठेवली की सावलीतले रंग उघडतात, डोळ्यात चमक येते आणि पार्श्वभूमी काळीकुट्ट होत नाही. कस्तुराचा निळा रंग प्रकाश अंगावर पडला तरच उठून दिसतो, त्यामुळे अशा पक्ष्याच्या बाबतीत हा फरक मोठा असतो.

पण मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. ५ मीटरवर जेवढा पोहोचतो, त्याचा चौथा हिस्सा १० मीटरवर आणि सोळावा हिस्सा २० मीटरवर. मोबाइलचा फ्लॅश पक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही, तो फक्त पक्ष्याला तुम्ही कुठे आहात ते सांगतो. बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५० च्या वर शटर स्पीड जात नाही. हाय स्पीड सिंक वापरलं तर जातो, पण फ्लॅशची ताकद बरीच कमी होते.

घाटमाथ्यावरची सर्वात मोठी अडचण म्हणजे धुकं. लेन्स आणि पक्षी यांच्यामध्ये पाण्याचे बारीक थेंब तरंगत असतात. फ्लॅशचा उजेड आधी त्यांच्यावर पडतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. धुक्यात किंवा पावसात फ्लॅश बंद ठेवलेलाच बरा.

फ्लॅश कुठे वापरूच नये?

घरट्याजवळ कधीच नाही. कस्तूर पावसाळ्यात गातो, कारण तोच त्याच्या विणीचा काळ असतो. ओढ्यालगतच्या कपारीत त्याचं घरटं असतं. नवरंगही याच दिवसांत घरटं करतो. फ्लॅशला घाबरून आई-बाप वारंवार उडाले तर अंडी पावसात गार पडतात आणि घरटं कुठे आहे हे कावळ्यांना समजतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करण्याचाही समावेश आहे. शिवाय अभयारण्यात फोटोग्राफीसाठी जायचं तर वनविभागाची परवानगी लागते.

रात्री घुबड किंवा रातव्यावरही फ्लॅश नको. त्यांचे डोळे अगदी कमी उजेडात बघण्यासाठी बनलेले असतात. दिपलेला पक्षी त्याच क्षणी उडाला तर तारेवर किंवा फांदीवर आपटू शकतो. पिंगळ्याचा फोटो हवा असेल तर सूर्य मावळल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, आकाशात निळसर उजेड असताना घ्या.

आणि स्वतःकडेही लक्ष द्या. जुन्नर-आंबेगावचा ऊसपट्टा हा बिबट्यांचा भाग आहे. बिबट्यांसाठीचं निवारा केंद्रही जुन्नरजवळ माणिकडोहला आहे. तिन्हीसांजेला उसाच्या बांधावर एकट्याने, कॅमेऱ्यात डोळा घालून वाकून बसणं धोक्याचं आहे. सोबत माणूस असू द्या, उभे राहा आणि अंधार पडायच्या आत परत फिरा.

एडिटिंग कोणत्या क्रमाने करावं?

१. निवड. मालिकेतला प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून पक्ष्याचा डोळा बघा. डोळा धारदार नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो सहसा सुधारत नाही.

२. रंग. पानांतून गाळून आलेल्या उजेडामुळे सगळ्यावर हिरवट छटा येते. व्हाइट बॅलन्सने ती आधी काढा.

३. नॉइज. आधी लाल-हिरवे रंगीत ठिपके काढा, ते बिनधास्त काढता येतात. उजेडाचे दाणे मात्र थोडे राहू द्या. पूर्ण पुसले तर पक्षी मेणाचा दिसतो.

४. उजेड. सावल्या थोड्याच उघडा. जंगल अंधारं होतं, तर फोटोतही ते थोडं अंधारं दिसू द्या.

५. मास्क. पक्षी वेगळा निवडून फक्त त्याला शार्पन करा. पार्श्वभूमीला नॉइज रिडक्शन जास्त द्या, तिथे पिसं हरवण्याची भीती नसते.

६. आकार. ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो सोशल मीडियासाठी १,०८० पिक्सेलचा केला की साधारण तीस ठिपक्यांचा एक ठिपका होतो आणि दाणे आपोआप विरतात. मात्र खूप क्रॉप केलं तर हा फायदा जातो.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही कॉम्प्युटरवरची सॉफ्टवेअर मोफत आहेत. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडते.

एआयने साफ केलेला फोटो खरा असतो का?

एआय डीनॉइज सध्या खूप चांगलं काम करतं. पण जिथे माहितीच नाही, तिथे ते अंदाजाने पिसं भरतं. फोटो देखणा होतो, पण छातीवरच्या रेषा किंवा डोळ्याभोवतीचं कडं खरंच होतं की नाही, हे सांगता येत नाही. पक्षी कोणता हे अनेकदा अशाच खुणांवरून ठरतं. म्हणून ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर नोंद करताना मूळ फोटो, फक्त उजेड वाढवून, टाका. दाणेदार असला तरी चालतो. तो बघणाऱ्याला पुरावा हवा असतो.

पोस्ट करण्याआधी चार गोष्टी तपासा

* फोटोत घरटं, अंडी किंवा पिल्लं असतील तर तो टाकू नका.
* घुबडाच्या ढोलीचं किंवा नवरंगाच्या ओढ्याचं नेमकं ठिकाण लिहू नका. तालुक्याचं नाव पुरे.
* फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा टिकतो, पण फाइलमधलं जीपीएस लोकेशनही सोबत जाऊ शकतं. ते आधी काढून टाका.
* एआय किंवा फ्लॅश वापरला असेल तर कॅप्शनमध्ये एका ओळीत सांगा.

आणि कस्तूर काळाच आला असेल, तर त्याच ओढ्यावर ढग थोडे विरळ असतील त्या सकाळी परत जा. उजेड एका स्टॉपने वाढला तरी कॅमेऱ्याला दुप्पट प्रकाश मिळतो, आणि त्यासाठी पक्ष्यावर काहीच मारावं लागत नाही.