हासळीचं हाड

कोंबडी साफ करताना मानेखाली दुबेळक्यासारखं एक हाड निघतं. दोन हासळ्या जुळून ते बनतं. या हाडानं पक्ष्यांच्या वंशावळीचा शोध चाळीसेक वर्षं भलत्या वाटेवर नेला.

डेन्मार्कचे चित्रकार गेरहार्ड हाइलमान यांना पक्षी मांसाहारी डायनासोरांशी सर्वांत जास्त जुळतात हे दिसत होतं. पण डायनासोरांना हासळीच नाही आणि उत्क्रांतीत गेलेला अवयव परतत नाही, म्हणून १९२६च्या पुस्तकात त्यांनी पक्ष्यांचा पूर्वज आणखी जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांत शोधला. तर्क चोख होता, हे मला मान्यच करावं लागतं.

गंमत अशी, की मंगोलियातल्या ओव्हिरॅप्टरच्या सांगाड्यात ते हाड होतं. १९२४ साली त्याला नाव दुसरंच दिलं गेलं. बार्सबोल्ड यांनी ते ओळखलं १९८३मध्ये.